एकच गाडी, अनेक भाडी : मक्तेदारी आणि मूल्यभेद

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मुंबईहून पुण्याकडे निघालेली एखादी आगगाडी डोळ्यांपुढे आणावी. इंजिन एक, रूळ एक, घाट एक, निघण्याची आणि पोचण्याची वेळही एक. परंतु त्या गाडीतील प्रवाशांनी मोजलेले भाडे मात्र एक नसते. कोणी वातानुकूलित डब्याचे तिकीट काढलेले असते, कोणी दुसऱ्या वर्गाचे. कोणी महिन्याच्या पासावर जात असतो, कोणाला विद्यार्थी म्हणून सवलत मिळालेली असते, तर कोणी ऐनवेळी निघाल्यामुळे तत्काळ योजनेत जादा पैसे भरलेले असतात. एवढी तफावत असूनही या भाड्यांवरून डब्यात भांडण होत नाही.

भाजीबाजारात मात्र असे चालत नाही. एकाच ढिगातील वांगी एका गिऱ्हाइकाला एका भावाने आणि शेजारच्याला दुप्पट भावाने दिली, तर दुसरा गिऱ्हाईक पिशवी उचलून पुढच्या गाळ्यावर जातो. तेथे पुढचा गाळा आहे. आगगाडीला तो नाही. विक्रेता एकटा असला की एकाच वस्तूच्या वा सेवेच्या निरनिराळ्या किमती आकारण्याचे सामर्थ्य त्याच्या हाती येते. अर्थशास्त्रात यालाच मूल्यभेद म्हणतात. हा विषय महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकापुरता आहे असे वाटण्याचा संभव आहे. परंतु रेल्वेचे भाडे, विजेचे बिल आणि गावची पाणीपट्टी या तिन्ही ठिकाणी तो नागरिकाच्या खिशाशी आणि कित्येकदा त्याच्या प्रतिष्ठेशीही जोडलेला आहे.

मूल्यभेद म्हणजे काय?

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. किमतीतील प्रत्येक फरक म्हणजे मूल्यभेद नव्हे. वातानुकूलित डबा बांधण्यास व चालविण्यास खर्च अधिक येतो. भाड्यातील फरक तेवढाच असेल, तर तो खर्चाचा फरक होय. भाड्यातील अंतर खर्चातील अंतराहून अधिक असेल, तर त्या अधिक भागास मूल्यभेद म्हणावे लागते.

मूल्यभेद शक्य होण्यास तीन गोष्टी लागतात. पहिली, विक्रेत्याच्या हाती बाजाराची सत्ता असली पाहिजे. दुसरी, कोणत्या ग्राहकाची निकड किंवा ऐपत अधिक आणि कोणाची कमी, हे ओळखण्याची काहीतरी खूण त्याच्याजवळ असली पाहिजे. तिसरी, स्वस्तात घेणाऱ्याने तीच वस्तू महागात घेणाऱ्याला परत विकता कामा नये. रेल्वेचे आरक्षित तिकीट प्रवाशाच्या नावाने असते आणि घरगुती वीजजोडणीवर सहसा दुकान चालविता येत नाही, यामागील एक कारण हेच आहे.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर सेसिल पिगू यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कल्याणविषयक ग्रंथात मूल्यभेदाच्या तीन प्रती सांगितल्या. प्रत्येक ग्राहक जास्तीत जास्त किती देण्यास तयार आहे हे हेरून त्याच्याकडून नेमके तेवढेच घेणे, ही पहिली प्रत. ती व्यवहारात क्वचितच पूर्णपणे साधते. ग्राहकांची मागणी पातळ्यांत विभागून पातळीगणिक दर ठेवणे, ही दुसरी प्रत. घाऊक खरेदीतील सूट किंवा रेल्वेचा मासिक पास हे आज तिचे परिचित नमुने समजले जातात. वय, व्यवसाय, ठिकाण अशा बाह्य खुणांवरून ग्राहकांचे गट पाडणे, ही तिसरी प्रत. विद्यार्थ्यांची सवलत या प्रतीत मोडते. पिगूंनंतर जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये या तिसऱ्या प्रतीचे सविस्तर विवेचन केले. ज्या गटाची मागणी ताठर, म्हणजे भाव वाढला तरी ज्याला खरेदी टाळता येत नाही, त्याला मक्तेदार अधिक भाव लावतो; आणि ज्याची मागणी लवचिक, त्याला कमी, हा त्या विवेचनाचा इत्यर्थ होय.

पुलाचे गणित

मूल्यभेद चांगला की वाईट? या प्रश्नाचे उत्तर एका साध्या गणितातून काढता येते. शिक्षकांना ते वर्गातही सोडवून घेता येईल.

एका नदीवर एकच पूल आहे आणि तो एका मालकाच्या ताब्यात आहे अशी कल्पना करावी. रोज २०० माणसे पुलावरून जाण्यास प्रत्येकी ४ रुपये देण्यास तयार आहेत. आणखी ४०० माणसांना १ रुपयाहून अधिक देणे परवडत नाही. मालकाने सर्वांना एकच पथकर लावावयाचा ठरविले, तर त्याच्यापुढे दोन मार्ग आहेत. ४ रुपये ठेवल्यास २०० माणसे जातील आणि ८०० रुपये मिळतील. १ रुपया ठेवल्यास सर्व ६०० माणसे जातील. पण मिळतील ६०० रुपयेच. मालक अर्थातच ४ रुपये ठेवील. पूल रिकामा राहील आणि ४०० माणसे पाण्यातून वाट काढतील. त्यांना पुलावर घेतल्याने पुलाचा खर्च वाढला असता असे नाही; तरीही ती पाण्यात राहतात. एकाच दराच्या मक्तेदारीचा खरा तोटा हा आहे.

आता मालकाने २०० जणांना ४ रुपये आणि ४०० जणांना १ रुपया असे दोन दर ठेवले. उत्पन्न १,२०० रुपये झाले आणि पुलाचा उपयोग करणाऱ्यांची संख्या तिप्पट झाली. ज्यांना ४ रुपये पडत होते त्यांचे काहीच अधिक गेले नाही. येथे मूल्यभेदाने दार उघडले.

परंतु गणित येथे संपत नाही. समजा, त्या २०० जणांपैकी ५० जण आजारी माणसाला पलीकडच्या दवाखान्यात नेत आहेत आणि ते ६ रुपयेही देतील, हे मालकाच्या लक्षात आले. त्याने त्यांच्यापुरता दर ६ रुपये केला. उत्पन्न १०० रुपयांनी वाढले. पण पुलावर एकही नवा माणूस आला नाही. येथे मूल्यभेदाने केवळ अडलेल्याची अडचण विकली.

दोन्ही कृतींचे शास्त्रीय नाव एकच आहे. परिणाम मात्र परस्परविरुद्ध आहेत. १९८१ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड श्मालेन्सी यांनी दाखवून दिले की, गटवार मूल्यभेदामुळे एकूण विक्री वाढली नाही, तर सर्वसाधारणपणे समाजाचे एकूण हित घटतेच. म्हणून कोणताही भेददर तपासताना पहिला प्रश्न हाच विचारावयास हवा : या दरामुळे बाहेर राहिलेला कोणी आत आला काय?

छप्पर नसलेला डबा

हे पुलाचे गणित प्रथम मांडणाऱ्यांत झ्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याचे नाव अग्रभागी आहे. ते रस्ते व पूल खात्यातील अधिकारी होते. सार्वजनिक कामाची उपयुक्तता मोजावी कशी, हा प्रश्न त्यांना नोकरीतच पडला आणि १८४४ व १८४९ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिले. अर्थशास्त्रातील एका मोठ्या विचाराचा पाया अशा रीतीने एका सरकारी अधिकाऱ्याने घातला.

द्युपुई यांनी १८४९ च्या लेखात रेल्वेचा विचार केला. त्या काळी युरोपातील काही रेल्वे कंपन्यांचे तिसऱ्या वर्गाचे डबे उघडे असत. वर छप्पर नसे आणि बाके साध्या फळ्यांची असत. कंपन्या कंजूष म्हणून असे करतात, अशी लोकांची समजूत होती. द्युपुई यांनी ती खोडून काढली. छप्पर घालण्यास लागणारी रक्कम कंपनीच्या दृष्टीने क्षुल्लक होती. अडचण निराळीच होती. गरिबाला स्वस्त भाडे दिले, तर दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणारा प्रवासीही स्वस्त डब्यात येऊन बसेल, ही कंपनीची भीती होती. कोण गरीब आणि कोण सधन हे तिकिटाच्या खिडकीवर ओळखावे कसे? त्यावर कंपनीने शोधलेला उपाय असा की, स्वस्त डबा इतका त्रासदायक ठेवावा, की ज्याला शक्य आहे तो पैसे देऊन वर जाईल. धाक सधनाला घालावयाचा होता. पाऊस मात्र गरिबाच्या डोक्यावर पडला.

मूल्यभेदाच्या अभ्यासातील हा सर्वांत महत्त्वाचा धडा होय. दर वेगळे असणे ही एक गोष्ट. दर वेगळे राहावेत म्हणून स्वस्त सेवा मुद्दाम वाईट ठेवणे ही दुसरी. पहिलीत व्यवहार आहे, दुसरीत अवहेलना आहे.

भारतीय रेल्वेचा अनुभव

भारतात हा प्रश्न लक्षावधी प्रवाशांच्या नित्याच्या अनुभवाचा होता. महात्मा गांधींनी सप्टेंबर १९१७ मध्ये रांची येथून भारतीय रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयी एक लेख लिहिला. मुंबईहून मद्रासला जाण्यासाठी त्यांनी १३ रुपये ९ आणे भाडे दिले होते. २२ जणांच्या बैठकीच्या त्या डब्यात झोपण्याची सोय नव्हती आणि पुढे गर्दी असह्य झाली. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्या वर्गाच्या पाचपटीहून थोडे अधिक होते. मग तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला पहिल्या वर्गाच्या सोयींचा पाचवा, निदान दहावा हिस्सा तरी मिळतो काय, हा त्यांचा प्रश्न होता. प्रवासी उत्पन्नाचा मोठा भाग तिसऱ्या वर्गाकडूनच येत असताना ही स्थिती होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रश्नाची धार कळते.

अन्यायाचा दुसराही एक प्रकार आहे. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर डेक्कन क्वीन सुरू झाली, तेव्हा तिला पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाचे डबे तिला १९५५ मध्ये जोडले गेले. मधल्या पंचवीस वर्षांत कमी भाड्याच्या प्रवाशाला या गाडीत त्रास झाला नाही. कारण त्याला जागाच नव्हती. पुलाच्या गणितातील पाण्यातून जाणारी ४०० माणसे ती हीच. सर्वांना एकच चढा दर म्हणजे समता, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

१९७४ मध्ये तिसरा वर्ग हे नाव गेले. परंतु नाव बदलल्याने लाकडी फळी मऊ होत नाही. ती झाली प्राध्यापक मधु दंडवते यांच्या कारकीर्दीत. कोकणातील राजापूरचे हे खासदार १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीची गादी बसविण्याचे धोरण त्यांनी अंगीकारले. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा मार्गावर सुरू झालेली गीतांजली एक्स्प्रेस आरंभी संपूर्णपणे दुसऱ्या वर्गाची होती. गादी आल्यामुळे वरचे वर्ग ओस पडले नाहीत. अधिक सोय हवी असलेल्यांनी अधिक भाडे देणे चालूच ठेवले. भाड्यातील फरक टिकविण्यासाठी कष्टाची फळी आवश्यक नव्हती, हे या दोन इंचांनी सिद्ध केले.

अलीकडच्या काळात भेदाची खूण बदलली आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी व दुरांतो गाड्यांना बदलते भाडे लागू झाले. बहुतेक वर्गांत पहिल्या १० टक्के जागा मूळ भाड्याने, आणि पुढे प्रत्येक १० टक्के जागा भरल्यावर भाडे १० टक्क्यांनी अधिक, कमाल दीडपट, अशी ती मूळ रचना होती. २०१८ मध्ये ती सौम्य करण्यात आली. येथे खूण ऐपतीची नसून निकडीची आहे. आधीपासून सहलीचा बेत आखणारा कमी देतो. घरून आजाराची तार नव्हे, तर आता दूरध्वनी आला म्हणून धावणारा अधिक देतो. रिकाम्या जागा भरण्यासाठी भाडे उतरविले तर त्यात पुलाच्या पहिल्या गणिताचे गुण येतात. केवळ शेवटच्या माणसाची निकड मोजली, तर दुसऱ्या गणिताचे दोष येतात.

मालाच्या वाहतुकीतही हेच तत्त्व आहे. ज्या मालाला जेवढे भाडे पेलेल तेवढे लावावे, हा रेल्वेचा जुना नियम. मौल्यवान मालाला जादा दर आणि स्वस्त, अवजड मालाला कमी दर, यात वावगे काही नाही. परंतु ब्रिटिश अमदानीत बंदराकडे जाणाऱ्या व बंदराकडून येणाऱ्या मालाला सवलतीचे दर आणि अंतर्गत वाहतुकीला चढे दर, अशी तक्रार भारतीय उद्योजक सातत्याने करीत असत. कच्चा माल परदेशी जाणे आणि पक्का माल परदेशातून येणे त्यामुळे सुलभ होई. १९१६-१८ च्या औद्योगिक आयोगापुढे हा प्रश्न आला आणि १९२०-२१ च्या अॅकवर्थ समितीने दरांच्या तंट्यांसाठी न्यायाधिकरण सुचविले. असे न्यायाधिकरण १९४९ मध्ये अस्तित्वात आले. भेददर ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध दाद मागण्याची जागा दुसऱ्याच्या हाती असावी, हा त्यामागील विचार होता.

विजेच्या बिलातील भेद

विजेच्या बिलाकडे पाहिले तर हाच विचार कायद्याच्या भाषेत आढळतो. महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाचा प्रतियुनिट दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जातो. घाऊक खरेदीत अधिक घेणाऱ्याला सूट मिळते. येथे अधिक वापरणाऱ्याला अधिक दर पडतो. घरगुती, शेतीपंप, व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांचे दरही वेगवेगळे आहेत. एका वर्गाकडून सरासरी खर्चापेक्षा अधिक घेऊन दुसऱ्या वर्गाला खर्चापेक्षा कमी दरात वीज देण्याच्या या पद्धतीस आडअनुदान म्हणतात.

वीज अधिनियम, २००३ च्या कलम ६२ च्या पोटकलम (३) मध्ये आयोगाने कोणत्याही ग्राहकाला गैरवाजवी झुकते माप देऊ नये असे बंधन आहे. मात्र एकूण वापर, पुरवठ्याची वेळ, भौगोलिक स्थान, पुरवठ्याचा हेतू अशा कारणांवरून भेद करण्यास मुभा आहे. म्हणजे कायद्याने भेद नाकारलेला नाही. अकारण भेद नाकारला आहे. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे दरांचे प्रस्ताव जाहीर सुनावणीस येतात आणि सामान्य ग्राहकालाही तेथे हरकत घेता येते.

आडअनुदानालाही मर्यादा आहे. कारखान्यावर भार फार वाढला, तर तो स्वतःची वीज तयार करतो किंवा खुल्या मार्गाने दुसरीकडून घेतो. मग उरलेल्यांवरील भार आणखी वाढतो. म्हणूनच २००६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणाने दर हे सरासरी पुरवठा खर्चाच्या वरखाली २० टक्क्यांच्या आत आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. अधिक देणाऱ्याची सहनशक्ती हीदेखील हिशेबात धरावी लागते.

गावातील मक्तेदार कोण?

आतापर्यंत रेल्वे आणि वीज यांचा विचार झाला. आता गावाकडे वळावयास हवे. गावात नळाचे पाणी पुरविणारी संस्था बहुधा एकच असते, आणि ती म्हणजे ग्रामपंचायत. पंचायत सदस्याला स्वतःकडे मक्तेदार म्हणून पाहण्याची सवय नसते. परंतु पाणीपट्टीचा ठराव मांडताना तो द्युपुईच्या पूलमालकाच्याच जागी बसलेला असतो. फरक इतकाच की, त्याचा पूल लोकांच्या मालकीचा आहे.

ग्रामपंचायत अधिनियमात सामान्य पाणीपट्टी आणि खासगी नळजोडणीसाठी विशेष पाणीपट्टी असा भेद आहेच. हॉटेल, रसवंती, मंगल कार्यालय यांच्या जोडणीला घरगुती जोडणीपेक्षा अधिक दर ठेवण्याचा विचारही अनेक ठिकाणी होतो. असा ठराव करताना या विवेचनातील तीन कसोट्या उपयोगी पडतील.

पहिली कसोटी : कमी दरामुळे पूर्वी पाण्याविना असलेले घर नळावर आले काय? आले असेल, तर भेद सार्थ आहे. ज्याला आधीच परवडत होते त्यालाच सवलत मिळून टाकीचा खर्च मात्र थकला, तर तो भेद वाया गेला.

दुसरी कसोटी : स्वस्त सेवा मुद्दाम वाईट ठेवलेली नाही ना? सार्वजनिक नळकोंडाळ्याची तोटी मोडकी असेल, तेथे पाणी अवेळी येत असेल, आणि लोकांनी खासगी जोडणी घ्यावी म्हणून त्या दुरुस्तीकडे काणाडोळा होत असेल, तर तो छप्पर नसलेला डबाच होय. खासगी जोडणीवाल्याला घरात पाणी मिळेल, हा फरक पुरेसा आहे. कोंडाळ्यावरच्या बाईला चिखलात उभे करण्याची गरज नाही.

तिसरी कसोटी : भेदाचे कारण चार लोकांसमोर सांगता येते काय? अधिक दर कोणाला, किती आणि का, हे ग्रामसभेत वाचून दाखवावे, फलकावर लावावे आणि हरकत ऐकून घ्यावी. जे कारण ग्रामसभेत उच्चारता येत नाही, ते बहुधा वशिल्याचे असते.

समारोप

मूल्यभेद हे हत्यार आहे. एकाच हत्याराने बाभूळही तोडता येते आणि आंबाही. मक्तेदाराच्या हाती ते केवळ नफ्यासाठी राहिले, तर तो अडलेल्याची निकड शोधत राहतो. सार्वजनिक संस्थेच्या हाती ते हिशेबाने आणि उघडपणे वापरले गेले, तर ऐपत असलेल्याकडून थोडे अधिक घेऊन ऐपत नसलेल्यालाही त्याच गाडीत, त्याच तारेवर आणि त्याच नळावर आणता येते.

सर्वांचे दर एक असलेच पाहिजेत, असा न्यायाचा आग्रह नाही. कमी पैसे देणाऱ्याला मिळणारी सेवा त्याचा अवमान करणारी नसावी, एवढा आग्रह मात्र आहे. दोन इंचांच्या गादीने रेल्वेला जे शिकविले, ते कोंडाळ्याच्या एका धड तोटीने गावाला शिकता येईल. पाणीपट्टीचा पुढचा ठराव ज्यांच्या सहीने होणार आहे, त्यांनी सही करण्यापूर्वी त्या कोंडाळ्यापर्यंत एकदा चालत जावे.